छापील टोपोशीट हातातल्या जीपीएसवर: स्कॅनपासून केएमझेडपर्यंत

डोंगरभटकंतीसाठीच्या हातातल्या जीपीएस यंत्रात खरेदीच्या वेळी जो नकाशा असतो, तो बहुधा फार त्रोटक असतो. मोठे रस्ते, शहरांची नावे आणि किनाऱ्याची रेषा यापलीकडे त्यात फारसे काही सापडत नाही. याउलट 1:50,000 किंवा 1:25,000 प्रमाणाच्या छापील स्थलदर्शक नकाशात, म्हणजेच टोपोशीटमध्ये, समोच्च रेषा, ओढे, कडे, पायवाटा, झरे आणि जुनी वस्तीस्थाने अशी चालणाऱ्याच्या उपयोगाची माहिती दाटीवाटीने भरलेली असते. हा छापील नकाशा स्कॅन करून यंत्रावर चढवला, तर आपण नेमके कोठे उभे आहोत हे त्याच ओळखीच्या रेषांवर दिसते. काम संगणकावर घरबसल्या करता येते आणि त्यासाठी लागणारी मुख्य साधने विनामूल्य मिळतात.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून मनात पक्की असावी. या कामातला सगळा अवघड भाग अक्षांश-रेखांशांशी नकाशाचे नाते जोडण्यात आहे, म्हणजे ज्याला जिओरेफरन्सिंग म्हणतात त्यात. स्कॅन थोडा फिकट आला किंवा फाइल थोडी मोठी झाली तर फारसे बिघडत नाही. पण नकाशा जागेवरून दोनशे मीटर सरकलेला असेल, तर तो पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसतो आणि तरीही धुक्यात कड्याच्या चुकीच्या बाजूला नेऊ शकतो. म्हणून या लेखात त्या टप्प्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

येथे गार्मिन कंपनीची ‘कस्टम मॅप्स’ ही सोय, म्हणजे स्वतःचे नकाशाचित्र यंत्रावर चढवण्याची सोय, आधाराला धरली आहे, कारण हातातल्या यंत्रांमध्ये ती सर्वाधिक प्रचलित आहे. ओरेगॉन, डकोटा, मोंटाना, जीपीएसमॅप 62 आणि त्यापुढील यंत्रे, तसेच ईट्रेक्स 20 व 30 यांत ती मिळते. ईट्रेक्स 10 मध्ये मिळत नाही. इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी किंवा मोबाइलवरील अॅपसाठी शेवटच्या फाइलचा प्रकार वेगळा असतो, पण त्याआधीचे सर्व टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

आधी नकाशाचा समास वाचा

स्कॅनरला हात लावण्यापूर्वी नकाशाच्या समासात छापलेला मजकूर पूर्ण वाचून एका कागदावर उतरवून घ्यावा. त्यात चार गोष्टी शोधायच्या असतात: नकाशाचे प्रमाण, प्रक्षेपण, डेटम, आणि सर्वेक्षणाचे व छपाईचे वर्ष. प्रमाण आणि वर्ष सहज सापडतात. प्रक्षेपण म्हणजे पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणण्याची पद्धत. टोपोशीटमध्ये ते बहुधा ट्रान्सव्हर्स मर्केटर, लॅम्बर्ट कॉनिकल किंवा पॉलिकॉनिक यांपैकी एक असते. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी गृहीत धरलेले पृथ्वीचे आकारमान आणि त्याची पृथ्वीशी घातलेली सांगड.

जीपीएस स्वतः डब्ल्यूजीएस 84 या डेटमवर चालते. जुने नकाशे मात्र आपापल्या प्रदेशासाठी ठरवलेल्या स्थानिक डेटमवर काढलेले असतात, आणि म्हणून एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे येतात. ब्रिटनचा ओएसजीबी 36 आणि डब्ल्यूजीएस 84 यांच्यातील फरक सुमारे 100 मीटर भरतो. युरोपातील ईडी 50 बाबत तो 100 ते 200 मीटरच्या घरात जातो. आणि जपानच्या जुन्या टोकियो डेटमसाठी तो 400 मीटरपेक्षाही अधिक आहे. उत्तर अमेरिकेचा नॅड 27 आणि भारतीय उपखंडातील एव्हरेस्ट लंबवर्तुळावर (लंबवर्तुळ म्हणजे पृथ्वीच्या आकाराची गणिती प्रतिकृती) आधारलेला कल्याणपूर डेटम यांच्याबाबतही अशीच दुरुस्ती करावी लागते. समासात डेटमचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल, तर निदान लंबवर्तुळाचे नाव किंवा सर्वेक्षणाचे वर्ष मिळते, आणि त्या प्रदेशात त्या काळी कोणता डेटम चालू होता हे त्यावरून शोधता येते.

फार जुन्या नकाशांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. काही युरोपीय नकाशांत रेखांश ग्रिनिचपासून मोजलेले नसून पॅरिसपासून मोजलेले असतात, आणि पॅरिसचे रेखावृत्त ग्रिनिचच्या पूर्वेला 2 अंश 20 मिनिटे 14 सेकंदांवर आहे. काही फ्रेंच नकाशांत तर काटकोनाचे 90 ऐवजी 100 भाग पाडलेले असतात. असा नकाशा हाती आला तर घाबरण्याचे कारण नाही. समासातील टीप नीट वाचली की त्याचे रूपांतर साध्या गणिताने होते.

याच वेळी नकाशाच्या वापराच्या अटीही पाहून घ्याव्यात. अनेक देशांतील सर्वेक्षण संस्थांच्या नकाशांवर स्वामित्वहक्क असतो. स्वतः विकत घेतलेल्या नकाशाची स्वतःच्या वापरासाठी प्रत काढणे आणि ती फाइल इतरांना वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही संस्था आपल्या जुन्या नकाशा-पत्रकांचे अधिकृत स्कॅन स्वतःच उपलब्ध करून देतात. तसे असेल तर आपला स्कॅनर वापरण्याऐवजी तेच घ्यावेत, कारण मोठ्या स्कॅनरवर एकाच वेळी काढलेल्या प्रतीत जोडाजोडीच्या चुका नसतात.

स्कॅन किती बारीक करावा

येथे नवशिक्यांचा कल शक्य तितका बारीक स्कॅन करण्याकडे असतो, आणि तो आवरावा लागतो. 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 पिक्सेल घेऊन, स्कॅन केल्यास एक पिक्सेल कागदावर सुमारे 0.085 मिलिमीटर भरतो. 1:50,000 प्रमाणावर याचा अर्थ जमिनीवर सुमारे 4.2 मीटर, आणि 1:25,000 प्रमाणावर सुमारे 2.1 मीटर. हातातले जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण 3 ते 5 मीटर अचूक असते आणि दाट झाडीत किंवा अरुंद घळीत त्याहून बरेच कमी अचूक. शिवाय नकाशावर 0.2 मिलिमीटर जाडीची काढलेली पायवाटच 1:50,000 वर 10 मीटर रुंदी व्यापते. तेव्हा 600 डीपीआयने नकाशाची अचूकता वाढत नाही, पिक्सेलची संख्या मात्र चौपट होते. आणि ती संख्या पुढे यंत्राच्या मर्यादेत बसवावी लागते, हे ध्यानात घेऊनच 300 डीपीआय, 24 बिट रंग, हे प्रमाण मी सुचवतो. समोच्च रेषा अतिशय दाट असतील, किंवा आकडे फारच बारीक छापलेले असतील, तरच 400 डीपीआयपर्यंत जावे.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील आपोआप तिरपेपणा काढणे, कडा कापणे, रेषा तीक्ष्ण करणे आणि रंग सुधारणे या सर्व सोयी बंद ठेवाव्यात. आपण एकाच पत्रकाचे अनेक तुकडे स्कॅन करणार असतो, आणि या सोयी प्रत्येक तुकड्यावर निराळा संस्कार करतात. मग एका तुकड्याचे जंगल गडद आणि शेजारच्याचे फिकट असे होते. फाइल टिफ किंवा पीएनजी प्रकारात साठवावी. जेपेग शेवटी लागणारच आहे, पण प्रत्येक वेळी जेपेगमध्ये साठवताना बारीक रेषांभोवती डाग पडतात, म्हणून ते एकदाच आणि शेवटच्या टप्प्यावर करावे.

घरच्या ए4 स्कॅनरवर मोठे पत्रक चार ते आठ तुकड्यांत स्कॅन करावे लागते. शेजारच्या तुकड्यांमध्ये निदान 3 सेंटिमीटर भाग दोन्हीकडे यावा. घड्या पडलेला नकाशा आदल्या दिवशी जड पुस्तकांखाली सपाट ठेवावा आणि स्कॅन करताना झाकणावर हलका, सारखा दाब द्यावा, कारण काचेपासून किंचित उचललेला कागद त्या जागी अंधुक आणि वाकडा येतो. सर्व तुकडे शक्यतो एकाच दिशेने ठेवून स्कॅन करावेत. स्कॅनरची आडवी आणि उभी मापे नेहमी तंतोतंत सारखी नसतात. मोबाइलने काढलेला फोटो या कामाला सहसा घेऊ नये. भिंगामुळे कडा वाकतात, कॅमेरा किंचित तिरपा असला तरी एका बाजूचे प्रमाण बदलते, आणि या दोन्ही चुका मिसळल्या की त्या नीट काढणे कठीण जाते.

तुकडे जोडावेत की वेगळे ठेवावेत

याचे उत्तर नकाशावरील जाळीवर अवलंबून असते. नकाशावर दर किलोमीटरला छापलेली चौकट जाळी असेल, तर 1:50,000 वर तिच्या रेषा दर 2 सेंटिमीटरला येतात आणि प्रत्येक ए4 तुकड्यात शंभराहून अधिक छेदनबिंदू मिळतात. अशा वेळी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जागेवर बसवावा आणि मगच एकत्र करावा. त्यामुळे स्कॅनरची चूक त्या त्या तुकड्यापुरतीच राहते आणि तेथेच दुरुस्त होते. पण नकाशावर फक्त दर 5 मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतील, तर 1:50,000 वर दोन अक्षवृत्तांमधील अंतर सुमारे 18.5 सेंटिमीटर भरते आणि एका ए4 तुकड्यात जेमतेम दोन ते चार छेदनबिंदू येतात. तेवढ्यावर तुकडा विश्वासाने बसत नाही. तेव्हा आधी सर्व तुकडे जोडून अखंड चित्र तयार करणे भाग पडते.

जोडण्यासाठी हगिन हे विनामूल्य सॉफ्टवेअर चांगले आहे. ते मुळात फोटोंची विशाल दृश्ये जोडण्यासाठी आहे, म्हणून त्याला हे सपाट स्कॅन आहेत असे सांगावे लागते: भिंगाचा प्रकार रेक्टिलिनियर ठेवावा, भिंगाच्या वक्रतेची दुरुस्ती बंद ठेवावी, आणि फक्त सरकणे व फिरणे एवढ्यालाच मुभा द्यावी. जोड झाल्यावर चित्र 100 टक्के आकारात उघडून प्रत्येक सांध्यावरून नजर फिरवावी. सांध्यावर समोच्च रेषा तुटलेली किंवा दुहेरी दिसली, तर तो जोड तेथेच पुन्हा करावा. पुढच्या कोणत्याही टप्प्यावर तो आपोआप सुधारत नाही.

जिओरेफरन्सिंग

यासाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. त्यातील जिओरेफरन्सर नव्या आवृत्त्यांत लेयर मेनूमध्ये आणि जुन्या आवृत्त्यांत रास्टर मेनूमध्ये सापडतो. त्यात स्कॅन उघडायचा, ज्याचे अक्षांश-रेखांश छापलेले आहेत अशा छेदनबिंदूवर खूप मोठे करून टिचकी मारायची, आणि त्या बिंदूचे सहनिर्देशक टंकायचे. अशा प्रत्येक बिंदूला नियंत्रण बिंदू म्हणतात.

एका पत्रकासाठी नऊ ते सोळा नियंत्रण बिंदू पुरेसे होतात, पण ते पत्रकभर पसरलेले असावेत: चारही कोपरे, कडांचे मध्य आणि आतला भाग. एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला एक अशी विभागणी केली, तर मोकळ्या बाजूला नकाशा कसाही वळू शकतो. बिंदू जाळीच्या छेदावरच घ्यावेत. देऊळ, पूल किंवा शिखर यांच्यावर घेतलेले बिंदू दिसायला सोयीचे वाटतात, पण नकाशाकार वाचनीयतेसाठी चिन्हे थोडी बाजूला सरकवत असतो. रस्ता, नदी आणि रेल्वे एकाच अरुंद दरीतून जात असतील तर तिघांना जागा देण्यासाठी त्यांतले काही ना काही सरकलेले असतेच.

अंश, मिनिटे आणि सेकंद टंकताना येथे एक नेहमीची चूक होते. 19 अंश 15 मिनिटे म्हणजे 19.25 अंश; ते 19.15 असे टंकले गेले, तर बिंदू सुमारे 11 किलोमीटर सरकतो. एवढी मोठी चूक लगेच दिसते हे चांगलेच, पण सेकंदांमधील चूक लपून राहते: अक्षांशाचा एक सेकंद सुमारे 31 मीटर असतो, आणि पाच सेकंदांची चूक नजरेला सहज चुकवते.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो. लक्ष्य संदर्भप्रणाली म्हणून नकाशाचे स्वतःचे प्रक्षेपण आणि स्वतःचा डेटमच निवडावा, डब्ल्यूजीएस 84 नव्हे. कारण असे की, छापील पत्रक हे नकाशाच्या प्रक्षेपणातले चित्र आहे आणि त्या प्रक्षेपणात ते जवळजवळ सरळ, आयताकृती जाळीवर बसते. अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मात्र ते तसे बसत नाही, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. 60 अंश अक्षांशाजवळील 15 मिनिटांच्या पत्रकाची ध्रुवाकडील कड विषुववृत्ताकडील कडेपेक्षा सुमारे 100 मीटरने आखूड असते, म्हणजे 1:50,000 वर 2 मिलिमीटरने. साधे रूपांतर हा फरक सामावून घेऊ शकत नाही आणि तो कोपऱ्यांवर चूक म्हणून उरतो. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांत बिंदूंचे सहनिर्देशक अक्षांश-रेखांशांत टंकून लक्ष्य प्रणाली वेगळी ठेवता येते. तेव्हा टंकताना डेटम नकाशाचाच आहे, याची मात्र प्रत्येक वेळी खात्री करावी.

रूपांतराच्या पद्धतींपैकी बहुपदी 1 ही पद्धत आधी वापरून पाहावी. तिला निदान तीन बिंदू लागतात. कागद ओलसरपणाने आणि वयाने एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी आखडतो वा पसरतो. ही पद्धत दोन्ही दिशांना वेगवेगळे प्रमाण लावू शकते, म्हणून ती कागदाच्या स्वभावाला मानवते. हेल्मर्ट पद्धत दोन्हीकडे एकच प्रमाण लावते, म्हणून छापील कागदासाठी ती अपुरी पडते. घड्यांमुळे किंवा जोडकामामुळे पत्रक थोडे लहरले असेल, तर बहुपदी 2 घ्यावी. तिला निदान सहा बिंदू लागतात, पण नऊपेक्षा कमी बिंदूंवर ती वापरू नये. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत प्रत्येक नियंत्रण बिंदू जबरदस्तीने तंतोतंत जागेवर बसवते. ऐकायला हे छान वाटते, पण एखाद्या बिंदूची चूक त्यामुळे दिसेनाशी होते आणि आजूबाजूचा नकाशा मुकाट्याने वाकतो. फाटक्या-चुरगळलेल्या नकाशाखेरीज तिचा आश्रय घेऊ नये.

प्रत्येक बिंदूसमोर त्याची उरलेली चूक पिक्सेलमध्ये दिसते. 300 डीपीआयच्या स्कॅनसाठी एक-दोन पिक्सेलची चूक उत्तम, चार-पाच पिक्सेलची चालण्याजोगी. एखाद्या बिंदूची चूक इतरांपेक्षा कितीतरी मोठी असेल, तर तो बिंदू काढून टाकण्याआधी टंकलेला आकडा पुन्हा वाचावा; बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

तरीही या उरलेल्या चुकांची सरासरी म्हणजे नकाशाची अचूकता नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. रूपांतर ज्या बिंदूंवरून काढले त्याच बिंदूंवर ते तपासणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी पाहून परीक्षा देण्यासारखे आहे. म्हणून तीन-चार छेदनबिंदू मुद्दाम बाजूला राखावेत, त्यांचा रूपांतरात उपयोग करू नये, आणि नकाशा बसवल्यावर त्या ठिकाणी नकाशावरून वाचलेले सहनिर्देशक छापील आकड्यांशी पडताळून पाहावेत. येथे 10 ते 15 मीटरच्या आत फरक आला, तर 1:50,000 च्या पत्रकाकडून अधिक अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

नियंत्रण बिंदूंची यादी वेगळ्या फाइलमध्ये अवश्य साठवावी. पुढे केव्हा डेटमबद्दल शंका आली, तर ही यादी असल्यास सगळे बिंदू पुन्हा टिपावे लागत नाहीत.

डब्ल्यूजीएस 84 मध्ये रूपांतर आणि कडांची छाटणी

आता बसवलेला नकाशा क्यूजीआयएसमधील वॉर्प या साधनाने डब्ल्यूजीएस 84 च्या अक्षांश-रेखांशांत, म्हणजे ईपीएसजी 4326 मध्ये, बदलायचा असतो. हे टाळता येत नाही, कारण कस्टम मॅप्समध्ये प्रत्येक चित्राची जागा फक्त उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम सीमांनी सांगितली जाते. दुसऱ्या कोणत्याही प्रक्षेपणातले चित्र त्या चौकटीत बसवले की ते आत कुठेतरी ताणले जाते. बदललेले चित्र उच्च अक्षांशांवर आडवे फाकलेले दिसेल. ते योग्यच आहे; यंत्र पडद्यावर त्याला पुन्हा मूळ आकारात आणते.

डेटम बदलताना क्यूजीआयएस अनेकदा एकापेक्षा अधिक रूपांतरे पुढे ठेवते आणि प्रत्येकासमोर त्याचा प्रदेश व अचूकता लिहिते. आपल्या नकाशाच्या प्रदेशासाठी दिलेले, सर्वांत कमी चुकीचे रूपांतर निवडावे. अंदाजे किंवा शून्य रूपांतर निवडले गेले, तर डेटमची दुरुस्ती होतच नाही आणि नकाशा शंभर-दोनशे मीटर सरकलेलाच राहतो.

वॉर्पनंतर चित्र किंचित तिरपे होते आणि त्याच्या कडांना काळे त्रिकोण उरतात. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे हे त्रिकोण आणि नकाशाचा पांढरा समास शेजारच्या पत्रकावर जाऊन बसतात. म्हणून नकाशाच्या आतल्या सीमारेषेवरून एक बहुभुज काढून त्याने चित्र छाटावे. दोन-तीन शेजारची पत्रके हवी असतील, तर प्रत्येक छाटून आधी एकत्र करावे आणि मगच पुढचे तुकडे पाडावेत.

रंगांचे कामही याच टप्प्यावर उरकावे. हातातल्या यंत्रांचे पडदे उन्हात परावर्तित प्रकाशावर दिसतात आणि जंगलासाठी छापलेली हिरवी छटा त्यावर काळपट होऊन तपकिरी समोच्च रेषा तिच्यात बुडतात. छटा थोड्या फिकट करून रेषांचा उठाव वाढवला की हाच नकाशा चालता चालता वाचता येतो.

यंत्रासाठी तुकडे आणि केएमझेड

कस्टम मॅप्सचे नियम थोडक्यात असे आहेत. नकाशा केएमझेड फाइलमध्ये, म्हणजे चित्रे आणि त्यांच्या सीमा एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, असावा लागतो. त्यातील प्रत्येक चित्र जेपेग असावे लागते, आणि ते साध्या प्रकारचे. प्रोग्रेसिव्ह जेपेग यंत्राला वाचता येत नाही. प्रत्येक तुकडा 1024 गुणिले 1024 पिक्सेल, म्हणजे सुमारे एक मेगापिक्सेलपर्यंत असावा. त्याहून मोठे चित्र दिले तर यंत्र ते कमी स्पष्टतेने दाखवते. तुकड्यांच्या एकूण संख्येलाही मर्यादा आहे: बऱ्याच यंत्रांत ती 100 आहे, आणि मोंटानासारख्या काही यंत्रांत 500.

आता आधीच्या हिशेबाचा उपयोग दिसेल. 55 गुणिले 50 सेंटिमीटरचे पत्रक 300 डीपीआयला सुमारे 6,500 गुणिले 5,900 पिक्सेल होते आणि त्याचे सात गुणिले सहा, म्हणजे 42 तुकडे पडतात. 100 तुकड्यांच्या यंत्रात अशी दोन पत्रके बसतात. तेच पत्रक 600 डीपीआयला घेतले, तर 156 तुकडे पडतात आणि एकसुद्धा पत्रक पूर्ण बसत नाही. मर्यादा ओलांडली तर काही तुकडे दिसतच नाहीत, आणि नेमके कोणते दिसणार नाहीत हे चालायला निघाल्यावरच कळते. म्हणून फक्त आपल्या वाटेभोवतीचा पट्टा घेणे हा नेहमीच शहाणपणाचा मार्ग आहे.

तुकडे हाताने पाडून प्रत्येकाच्या सीमा लिहीत बसण्याची गरज नाही. क्यूजीआयएससाठी गार्मिनकस्टममॅप नावाचे प्लगइन आहे, जे पडद्यावरील नकाशातून तुकड्यांसह केएमझेड तयार करते; विंडोजवर ओकेमॅपसारखे सॉफ्टवेअरही हे काम करते. वापरताना प्रकल्पाची संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस 84 आहे ना, आणि नकाशा त्याच्या मूळ पिक्सेल आकारात निर्यात होतो आहे ना, एवढे पाहावे. जेपेगची गुणवत्ता 75 ते 85 टक्के ठेवावी.

दोन बारकावे येथे उपयोगी पडतात. यंत्राच्या यादीत दिसणारे नाव फाइलचे नसून फाइलच्या आत लिहिलेले असते, म्हणून ते आधीच अर्थपूर्ण द्यावे, म्हणजे पत्रकाचा क्रमांक आणि प्रमाण त्यात यावे. दुसरे म्हणजे ड्रॉ ऑर्डर हा आकडा. तो 50 किंवा त्याहून मोठा असेल, तर स्कॅन केलेला नकाशा यंत्रातील मूळ नकाशाच्या वर दिसतो. लहान असेल तर त्याखाली जातो आणि मूळ नकाशा अपारदर्शक असल्यास अजिबात दिसत नाही. ‘नकाशा चढवला पण दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हा आकडा किंवा प्रोग्रेसिव्ह जेपेग यांपैकी एक कारण असते.

घाईच्या वेळी, एखाद्या छोट्या नकाशासाठी, गूगल अर्थमध्ये चित्र आच्छादन म्हणून घालून, कडा ओढून नजरेने जुळवून आणि केएमझेड म्हणून साठवूनही काम भागते. त्याची अचूकता मात्र नजरेइतकीच असते, त्यामुळे वळणावळणाच्या कड्याकाठच्या वाटेसाठी असा नकाशा वापरू नये.

यंत्रावर चढवणे आणि पडताळणी

यंत्र यूएसबीने जोडल्यावर त्याच्या गार्मिन फोल्डरमध्ये कस्टममॅप्स नावाचे फोल्डर असते. नसेल तर तयार करावे. मेमरी कार्ड वापरत असल्यास त्यावरही अशीच रचना करता येते. केएमझेड तेथे ठेवावी, यंत्र सुरक्षितपणे अलग करावे, आणि सुरू झाल्यावर नकाशाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नकाशा चालू करावा. दुसऱ्या प्रवासाचे जुने नकाशे बंद करावेत किंवा काढून टाकावेत, म्हणजे तुकड्यांची मर्यादा त्यांनी खाल्ली जात नाही.

पडताळणी दोन ठिकाणी करावी. आधी संगणकावर केएमझेड गूगल अर्थमध्ये उघडून तिची पारदर्शकता कमी-जास्त करावी आणि रस्त्यांचे तिठे, नद्यांचे संगम, धरणांच्या भिंती उपग्रहचित्राशी जुळतात का ते पाहावे. नद्यांची वळणे वर्षागणिक बदलतात, म्हणून एका बिंदूवर विसंबू नये. सगळीकडे एकाच दिशेला, एकसारखा फरक दिसला, तर शंका डेटमची घ्यावी. एका कोपऱ्याकडे फरक वाढत जात असेल, तर एखादा नियंत्रण बिंदू चुकलेला असतो. एकाच तुकड्यात फरक असेल, तर स्कॅन किंवा जोड बिघडलेला असतो. त्यानंतर यंत्र घेऊन बाहेर पडावे आणि नकाशावर स्पष्ट दिसणाऱ्या एखाद्या तिठ्यावर किंवा पुलावर काही मिनिटे उभे राहून बाण कोठे येतो ते पाहावे. एका जागी जुळले तरी पत्रकाच्या दुसऱ्या टोकाजवळ हेच पुन्हा करावे.

सरकलेला नकाशा यंत्राच्या सेटिंगमधील डेटम बदलून दुरुस्त करता येत नाही. ते सेटिंग फक्त पडद्यावर लिहून दाखवल्या जाणाऱ्या सहनिर्देशकांवर परिणाम करते. चित्राची जागा फाइलमध्ये लिहिलेल्या सीमांनीच ठरते. सोबत कागदी नकाशा असेल आणि त्यावर सहनिर्देशक वाचायचे असतील, तेवढ्यापुरते हे सेटिंग त्या कागदाच्या डेटमशी जुळवावे.

प्रत्यक्ष चालताना या नकाशाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. ईट्रेक्स 30 चा पडदा 176 गुणिले 220 पिक्सेलचा आहे, 4.2 मीटरच्या पिक्सेलने त्याच्या रुंदीत जेमतेम 750 मीटरचा प्रदेश मावतो. दूरचे दृश्य पाहायला गेले तर स्कॅनचे चित्र लहान होऊन अक्षरे वाचता येत नाहीत आणि यंत्रही मंदावते. जवळची वाट, ओढा आणि उतार यंत्रावर पाहावेत. दिवसभराची आखणी कागदावरच करावी. जुन्या पत्रकातील पायवाटा मोडलेल्या आणि नवे रस्ते नोंदलेले नसतात, म्हणून सर्वेक्षणाचे वर्षही नकाशाच्या नावात जोडून ठेवावे. मूळ टिफ, नियंत्रण बिंदूंची यादी आणि वॉर्प केलेले चित्र एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवले, तर उद्या यंत्र बदलले तरी केवळ शेवटचा केएमझेडचा टप्पाच नव्याने करावा लागतो.